'फरंग' आणि 'थम्मदा' : थाई लोकजीवनाच्या पाश्चात्त्य चित्रणाची समीक्षा

थायलंडमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या पाश्चात्त्य स्त्रीपुरुषांनी तेथील दैनंदिन जीवनाविषयी लिहिलेल्या ग्रंथांची संख्या आता लहान राहिलेली नाही. राजवाड्यातील शिक्षिका, वकिलातीतील अधिकाऱ्यांच्या पत्नी, मानववंशशास्त्रज्ञ, प्रव्रज्या घेतलेले भिक्षू आणि अलीकडच्या काळात थाई स्त्रियांशी विवाह करून ईशान्येकडील इसान प्रदेशात घर केलेले गृहस्थ अशा निरनिराळ्या अवस्थांतील लेखकांनी हे वाङ्मय निर्माण केले आहे. थाई भाषा येत नसल्यामुळे मराठी वाचकाला थाई बौद्धांचा जो परिचय होतो तो बहुतांशी याच इंग्रजी ग्रंथांच्या द्वारे होतो. एका बौद्ध समाजाने दुसऱ्या बौद्ध समाजाकडे तिसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे अशी ही स्थिती आहे. त्या डोळ्यांना काय दिसते, काय दिसत नाही, आणि जे दिसते त्यापैकी ग्राह्य किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शीर्षकातील दोन शब्दांविषयी. पाश्चात्त्य गोऱ्या माणसाला थाई भाषेत 'फरंग' म्हणतात. ज्या पर्शियन शब्दापासून आपला 'फिरंगी' आला त्याच कुळातील हा शब्द आहे. पेरूच्या फळालाही थाई भाषेत फरंगच म्हणतात, कारण तेही परदेशातून आले. 'थम्मदा' म्हणजे नेहमीचे, साधे, सामान्य. हा शब्द पालीतील 'धम्मता' होय. पालीत धम्मता म्हणजे वस्तूंचा स्वभावधर्म, नियम. थाई माणसाच्या तोंडी तोच शब्द रोजच्या साध्या जेवणासाठी किंवा नेहमीच्या गाडीसाठी येतो. फरंगाने थाई लोकांच्या थम्मदा जीवनाविषयी काय लिहिले, हा आमचा विषय आहे.

१. नगरची शिक्षिका आणि सयामचा भिक्षु-राजा

या वाङ्मयाचा आरंभ ज्या ग्रंथापासून धरला जातो तो ॲना लिओनोवेन्स यांचा 'द इंग्लिश गव्हर्नेस ॲट द सायमीज कोर्ट' हा ग्रंथ १८७० साली प्रसिद्ध झाला. १८६२ ते १८६७ या काळात त्या बँकॉकच्या राजवाड्यात राजा मोंगकुट यांच्या मुलांना व स्त्रियांना इंग्रजी शिकवीत होत्या. या ग्रंथावरून मार्गारेट लँडन यांनी १९४४ मध्ये कादंबरी लिहिली, १९५१ मध्ये संगीतनाट्य झाले आणि १९५६ मध्ये चित्रपट निघाला. त्या चित्रपटाला थायलंडमध्ये बंदी आहे. लहरी, रागीट, अर्धसंस्कृत पौर्वात्य राजा आणि त्याला सभ्यता शिकविणारी इंग्रज बाई ही जोडी त्यामुळे जगाच्या मनात पक्की झाली.

वस्तुस्थिती काय होती? मोंगकुट हे १८२४ पासून १८५१ मध्ये सिंहासनावर येईपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, भिक्षू होते. ते पालीचे गाढे पंडित होते. विनयाच्या काटेकोर पालनावर भर देणारा धम्मयुत निकाय त्यांनी स्थापन केला आणि पाली लिहिण्यासाठी स्वतंत्र लिपीही तयार केली. बाईंना नियुक्त करताना त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिले होते की भाषा व विद्या शिकवावी, ख्रिस्ती धर्मांतराचा प्रयत्न करू नये. त्यांचे पुत्र चुलालोंगकोर्न यांनी १८९३ मध्ये थाई लिपीत ३९ खंडांमध्ये त्रिपिटक मुद्रित करून जगभरच्या ग्रंथालयांना पाठविले. या घराण्याला सभ्यतेचे प्राथमिक धडे हवे होते असे पाली वाङ्मयाचा कोणीही अभ्यासक म्हणणार नाही.

परंतु मराठी वाचकाने लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. आपला जन्म वेल्समध्ये झाला असे बाई सांगत असत. १९७६ साली डब्ल्यू. एस. ब्रिस्टो यांनी कागदपत्रे तपासून दाखवून दिले की त्यांचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगर येथे, आजच्या अहिल्यानगरात, कंपनीच्या मुंबई लष्करातील एका साध्या सार्जंटच्या घरी झाला होता. त्यांचा विवाहही १८४९ मध्ये पुण्यात झाला. त्यांच्या मातुल घराण्यात भारतीय रक्त असावे असे आता अभ्यासक मानतात. हिंदुस्थानातील गोऱ्यांच्या उतरंडीत खालच्या पायरीवर जन्मलेल्या या स्त्रीला, विधवा होऊन दोन मुलांसह पोटापाण्यासाठी उभे राहताना, आपले मूळ लपवावे लागले. ज्यांना जन्मावरून पायरी ठरविणे म्हणजे काय हे अनुभवाने ठाऊक आहे त्यांनी या लपविण्याला हसू नये. मात्र आपली पायरी वर दाखविण्यासाठी त्यांनी दुसऱ्या एका समाजाची पायरी खाली दाखविली, ही गोष्ट समीक्षकाला नजरेआड करता येत नाही. त्यांच्या ग्रंथातील दोष अज्ञानाचा कमी आणि गरजेचा अधिक आहे.

२. 'माई पेन राई' आणि सैल समाजाची कल्पना

विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्यांचा सूर पालटला. उपहासाची जागा कौतुकाने घेतली. कॅरोल हॉलिंगर या अमेरिकन गृहिणीचे 'माई पेन राई मीन्स नेव्हर माइंड' हे पुस्तक १९६५ मध्ये निघाले. पतीच्या नोकरीनिमित्त त्या बँकॉकमध्ये आल्या आणि चुलालोंगकोर्न विद्यापीठात इंग्रजी शिकवू लागल्या. नोकरचाकर, विद्यार्थिनी, बाजार, वाहनचालक यांच्याशी रोज येणारा संबंध त्यांनी खेळकरपणे रंगविला आहे. त्यांच्या विनोदाचा रोख थाई लोकांपेक्षा स्वतःवर आणि आपापल्या कुंपणात राहणाऱ्या अमेरिकन वसाहतीवर अधिक आहे. हा प्रामाणिकपणा त्या पुस्तकाचा मोठा गुण होय आणि त्यामुळेच ते आजही वाचले जाते.

तथापि शीर्षकातील वाक्प्रचाराने पुढे जे केले ते पाहण्यासारखे आहे. 'माई पेन राई' याचा शब्दशः अर्थ 'काही नाही' असा आहे. कोणाचा धक्का लागला, कोणाला उशीर झाला, कोणी आभार मानले की थाई माणूस हे म्हणतो. समोरच्याची ओशाळलेली अवस्था संपविणे हे त्याचे काम. मराठीत 'असू द्या हो' म्हणतो तसेच. परंतु पाश्चात्त्य लेखकांनी या तीन अक्षरांत थाई तत्त्वज्ञान शोधले. कोणी त्याला अनित्यतेच्या जाणिवेतून आलेला अनासक्तभाव म्हटले, कोणी उपेक्खा म्हटले, तर ज्यांची कामे वेळेवर झाली नाहीत त्यांनी त्यालाच बेजबाबदारपणा म्हटले. उपेक्खा ही चार ब्रह्मविहारांपैकी शेवटची, दीर्घ भावनेने साध्य होणारी समतोल चित्तावस्था आहे. पाय तुडविला गेल्यावर दाखविलेल्या सौजन्याला ते नाव देणे म्हणजे उपेक्खेचे मोल कमी करणे आणि सौजन्यालाही न ओळखणे होय.

विद्वानांनीही यात भर घातली. रूथ बेनेडिक्ट यांनी थाई संस्कृतीवरील आपला प्रबंध १९४३ मध्ये थायलंडला न जाताच लिहिला. जॉन एम्ब्री यांनी १९५० मध्ये थाई समाज हा 'सैल बांधणीचा' समाज असल्याचा सिद्धांत मांडला. त्यांनी पूर्वी जपानी खेड्याचा अभ्यास केला होता, आणि जपानच्या तुलनेत थाई माणूस त्यांना बंधनांविषयी बेफिकीर वाटला. या सिद्धांतावर पुढे वीस वर्षे वाद चालला आणि १९६९ मध्ये त्याच्या परीक्षणासाठी स्वतंत्र लेखसंग्रहही निघाला. ज्या भाषेत समोरची व्यक्ती वयाने थोरली की धाकटी हे ठरल्याशिवाय तिला हाक मारणेही अवघड, जेथे अनोळखी भाजीवालीही थोरली असेल तर 'फी' आणि धाकटी असेल तर 'नोंग' होते, जेथे हात जोडून प्रथम 'वाई' कोणी करावयाचा आणि हात किती उंच न्यावयाचे हे वय व मान यांवरून ठरते, त्या समाजाला सैल म्हणणे हे पाहुण्याच्या दृष्टीचे लक्षण आहे. पाहुण्याला बंधने दिसत नाहीत, कारण ती त्याच्यावर नसतात. फरंगाने वाई चुकीचा केला तरी त्याला कोणी बोलत नाही. ही मोकळीक म्हणजे समाजाचा सैलपणा नव्हे. तो समाजात धरला गेला नसल्याची ती खूण आहे.

३. खेड्यात बसलेला निरीक्षक

या पार्श्वभूमीवर विल्यम क्लाउसनर यांचे लेखन वेगळे उठून दिसते. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते ईशान्येकडील उबोन प्रांतातील एका खेड्यात जाऊन राहिले, पुढे थायलंडमध्येच स्थायिक झाले, थाई कुटुंबाशी विवाहसंबंधाने जोडले गेले आणि तेथील विद्यापीठांतून त्यांनी अध्यापन केले. 'रिफ्लेक्शन्स ऑन थाई कल्चर' या नावाने त्यांचे लेख संग्रहित झाले आहेत. पेरणी, पावसाचे विधी, विहाराची डागडुजी, भांडणे, तंटे मिटविण्याच्या रीती अशा साध्या गोष्टींमधून त्यांनी 'चाई येन' म्हणजे थंड अंतःकरण आणि 'क्रेंग चाई' या कल्पना समजावून दिल्या.

'क्रेंग चाई' या शब्दाने प्रत्येक फरंगाला छळले आहे. दुसऱ्याला आपल्यामुळे त्रास होऊ नये म्हणून मागणे टाळणे, नकार न देणे, नापसंती न दर्शविणे, असा काहीसा त्याचा अर्थ आहे. आपल्या 'भीड' आणि 'संकोच' या दोन शब्दांच्या मधोमध तो कोठेतरी बसेल. पाश्चात्त्य माणसाची तक्रार अशी की थाई सहकारी 'हो' म्हणतो आणि काम करीत नाही. शेजारीण आजारी असते आणि कळवीत नाही. पत्नी रागावलेली असते आणि हसते. यातून तो अप्रामाणिकपणाचा निष्कर्ष काढतो. क्लाउसनर यांची विशेषता अशी की ते या वर्तनाला स्वभाव न मानता संबंध मानतात. ज्या खेड्यात शेत, पाणी आणि विहार सामाईक आहे, ज्या शेजाऱ्याच्या मदतीशिवाय लावणी आणि कापणी होत नाही, तेथे उघड संघर्षाची किंमत फार मोठी असते. गोड बोलणे हे तेथे जगण्याचे साधन आहे.

परंतु त्यांच्या विवेचनालाही मर्यादा आहे. क्रेंग चाई ही सर्वांना सारखीच वाटत नाही. मालकाची नोकराला जेवढी भीड असते त्याहून नोकराला मालकाची कितीतरी अधिक असते. सौजन्याचा प्रवाह बहुधा खालून वर वाहतो. हा उतार क्लाउसनर यांना दिसत नाही असे नाही. पण त्यांची ममता त्यांना तेथे थांबू देत नाही.

४. विहारातील फरंग

चौथा वर्ग चीवर घेतलेल्यांचा अथवा विहारात जाऊन राहिलेल्यांचा. उबोनजवळ बुंग वाई या खेड्यालगत अजान छा यांनी १९७५ मध्ये परदेशी भिक्षूंसाठी 'वाट पा नानाचाट' या अरण्यविहाराची स्थापना केली. नानाचाट म्हणजे आपल्या पालीतील 'नानाजाति'. टिम वॉर्ड या कॅनेडियन लेखकाचे 'व्हॉट द बुद्धा नेव्हर टॉट' हे १९९० मधील पुस्तक याच विहारातील वास्तव्यावर आधारलेले आहे. त्याचा सूर शंकेखोर आहे. नियमांचा बारकावा, ज्येष्ठताक्रम, पाश्चात्त्य भिक्षूंमधील अहंकार आणि असहायता यांवर त्यांनी निर्भीडपणे लिहिले आहे. शंका घेणे बौद्धाला परके नाही, म्हणून त्याबद्दल आमची तक्रार नाही. लंडनहून येऊन थायलंडमध्ये भिक्षुजीवन पत्करलेल्या पीटर पन्नापदीपो यांचे 'फ्रा फरंग' हे पुस्तक याच्या उलट प्रेमळ आहे. गावातील विहाराचे जीवन, श्रामणेर मुले, चुकलेले विधी आणि समजून घेणारे ग्रामस्थ यांचे चित्रण त्यात आहे. विशेष म्हणजे गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची व्यवस्था करण्याकडे हा भिक्षू वळला. थाई समाजाकडून घेतलेले त्या समाजाला परत करावे ही जाणीव त्यांना झाली.

हीच जाणीव आमच्या मते या वर्गातील ग्रंथांची कसोटी आहे. अरण्यविहारातील परदेशी भिक्षू पहाटे अनवाणी पिंडपातासाठी निघतो, तेव्हा भात उकडून रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसलेली स्त्री इसानमधील शेतकरीण असते. इसान हा थायलंडमधील गरीब भाग. श्रीमंत देशातून आलेला सुशिक्षित तरुण आणि त्याला रोज अन्न देणारी ही गरीब स्त्री यांचा संबंध हा त्या विहारातील सर्वांत मूलभूत संबंध आहे. विनयानुसार भिक्षूने साठवण करावयाची नाही, स्वतः शिजवावयाचे नाही; म्हणजे तिने एक दिवस भात दिला नाही तर त्या दिवशी विहारात अन्न नाही. पाश्चात्त्य साधकांच्या आत्मकथनांतून ध्यानाच्या अडचणींवर पानेच्या पाने असतात. या स्त्रीवर एखादे वाक्य असते. वॉर्ड यांच्या पुस्तकाची खरी उणीव शंकेखोरपणा ही नव्हे. ज्यांच्या भातावर ती शंका पोसली गेली त्यांच्याकडे पाहण्यास त्यात फारशी जागा नाही, ही आहे.

५. दुधाचे मोल

आता आम्ही सर्वांत वादग्रस्त भागाकडे येतो. गेल्या काही दशकांत अनेक पाश्चात्त्य पुरुषांनी थाई, विशेषतः इसानमधील, स्त्रियांशी विवाह केले. त्यांच्या लेखनातून तीन तक्रारी पुनःपुन्हा येतात. पहिली 'सिनसोत'ची : विवाहाच्या वेळी वराने वधूच्या आईवडिलांना द्यावयाची रक्कम. दुसरी दरमहा सासरी पाठवावयाच्या पैशांची. तिसरी घराची : परदेशी माणसाला थायलंडमध्ये सामान्यतः जमीन विकत घेता येत नाही, म्हणून त्याच्या पैशांनी घेतलेली जमीन पत्नीच्या नावावर होते. या तिन्हींतून 'आपल्याला पत्नी मिळाली की आपण एका कुटुंबाने शोधलेले उत्पन्नाचे साधन आहोत' असा प्रश्न तो विचारतो.

आम्ही अनेक वर्षे अशा लेखनाची गणना समीक्षेच्या योग्यतेच्या ग्रंथांत करीत नव्हतो, आणि विद्यार्थ्यांनाही 'हे अज्ञानातून आलेले लेखन आहे' असे सांगत असू. ते मत आज आम्हाला अर्धेच बरोबर वाटते.

बरोबर असलेला अर्धा भाग असा. सिनसोतला थाई नागरी कायद्याची मान्यता आहे, आणि लोकभाषेत त्याला 'खा नाम नोम' म्हणजे आईच्या दुधाचे मोल असे म्हणतात. उत्तर व ईशान्य भागांत जावयाने काही काळ सासरी राहण्याची आणि धाकट्या मुलीने आईवडिलांना सांभाळून घर घेण्याची रीत जुनी आहे. मुलगी तेथे 'परक्याचे धन' नाही. ज्या समाजात वधूपित्याला हुंडा द्यावा लागतो त्या समाजातील आम्ही, वराने वधूच्या आईचे ऋण मानावे या रीतीला विक्री म्हणण्यास तयार नाही. या रीतीच्या मागे 'बुन्खुन' आणि 'कतन्यू' या दोन कल्पना आहेत. बुन्खुन म्हणजे पुञ्ञ आणि गुण. उपकार, आणि उपकारातून उत्पन्न झालेले बंधन. कतन्यू म्हणजे आपला 'कतञ्ञू', केलेले जाणणारा. अंगुत्तर निकायात जगात दुर्मीळ असलेल्या दोन व्यक्तींचा निर्देश आहे : आपण होऊन प्रथम उपकार करणारा, आणि केलेला उपकार जाणून त्याची फेड करणारा. सिगालोवाद सुत्तात अपत्याच्या पाच कर्तव्यांपैकी पहिले, ज्यांनी पोसले त्यांना पोसणे हेच आहे. फरंग पतीला जे सासरच्यांचे मागणे वाटते ते त्याच्या पत्नीच्या दृष्टीने तिच्या चारित्र्याचे प्रमाण असते. पैसे न पाठविणारी मुलगी गावात वाईट मुलगी ठरते. शिवाय त्याच सुत्तात पतीच्या कर्तव्यांमध्ये घरातील अधिकार पत्नीच्या स्वाधीन करणे हेही सांगितले आहे, याची आठवण तिसऱ्या तक्रारीच्या संदर्भात दिली तर वावगे होणार नाही.

परंतु आम्ही ज्या अर्ध्या भागाकडे डोळेझाक केली तो असा. फरंगाची तक्रार स्वार्थातून आली असली तरी ती एका खऱ्या गोष्टीवर बोट ठेवते : हे ऋण सर्वांवर सारखे नाही. मुलगा प्रव्रज्या घेतो, काही आठवड्यांसाठी का होईना, आणि त्याचे पुण्य आईला मिळाले असे मानले जाते. मुलीला तो मार्ग नाही. १९२८ मध्ये तत्कालीन संघराजांनी स्त्रियांना प्रव्रज्या देण्यास भिक्षूंना मनाई करणारा आदेश काढला. २००३ मध्ये श्रीलंकेत उपसंपदा घेऊन आलेल्या भिक्खुनी धम्मनंदा यांनाही थाई संघाची अधिकृत मान्यता मिळालेली नाही. मुलाचे ऋण चीवराने फिटते, मुलीचे पैशाने फेडावे लागते. शेतीत पैसा नाही. म्हणून ती बँकॉकच्या कारखान्यात जाते, हॉटेलात जाते, पट्टायाच्या मद्यगृहात जाते, अथवा फरंगाशी विवाह करते. ईशान्येकडील अशा विवाहांवर पच्चरिन लापानून या थाई विदुषीचा अभ्यास २०१९ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्याच्या शीर्षकातच प्रेम, पैसा आणि कर्तव्यबंधन हे तीन शब्द एकत्र आले आहेत. फरंग यांपैकी कोणते तरी एकच खरे असले पाहिजे असे धरून चालतो. त्या स्त्रीच्या जीवनात तिन्ही एकाच वेळी खरी असतात.

येथे पाली अभ्यासकाने केवळ समर्थक होऊन चालणार नाही. अंगुत्तर निकायातच आणखी एक वचन आहे, ज्याचा आशय सर्वांस ठाऊक आहे : आईला एका आणि वडिलांना दुसऱ्या खांद्यावर घेऊन शंभर वर्षे वाहिले, किंवा त्यांना पृथ्वीचे राज्य दिले, तरी ऋण फिटत नाही. थाई विहारांतून आणि आपल्याकडेही या वचनाचा एवढाच भाग सांगितला जातो. उरलेला भाग असा की श्रद्धाहीन आईवडिलांना श्रद्धेत, दुःशील असतील तर शीलात, कृपण असतील तर त्यागात, अविचारी असतील तर प्रज्ञेत जो प्रतिष्ठित करतो तो ऋण फेडतो, किंबहुना अधिकच देतो. म्हणजे तथागतांच्या दृष्टीने हे ऋण द्रव्याने फिटणारे नाही आणि धम्माने मात्र फिटणारे आहे. आणि तो मार्ग मुलीलाही तितकाच खुला आहे. तसेच सिगालोवाद सुत्तातील कोणतीही दिशा एकतर्फी नाही. अपत्याची पाच कर्तव्ये आहेत तशी आईवडिलांचीही पाच आहेत. सेवकाची आहेत तशी स्वामीचीही आहेत. बुन्खुन जेव्हा फक्त खालच्याने वरच्याचे मानावयाचे होते, तेव्हा शब्द पालीचा राहतो, आशय राहत नाही.

६. आमचा स्वतःचा फरंगपणा

पाश्चात्त्यांचे दोष सांगून झाल्यावर स्वतःकडे वळणे प्राप्त आहे. पाली जाणणाऱ्याला थाई भाषा आपल्या घरची वाटते. पाटीवर, वर्तमानपत्रात, गाण्यात ओळखीचे शब्द भेटतात आणि आपल्याला हा समाज कळला असा भास होतो. हा भास फरंगाच्या भासाहून कमी धोक्याचा नाही.

उदाहरणे द्यावयाची तर 'सञ्ञा' हा पंचस्कंधांतील स्कंध. थाई भाषेत 'सन्या' म्हणजे वचन किंवा करार. 'वेदना' म्हणजे पालीत सुख, दुःख अथवा तटस्थ अनुभव. थाई भाषेत तो शब्द कणव येण्याजोगी दीन अवस्था सांगतो. 'आरम्मण' म्हणजे चित्ताचा विषय. 'आरोम' म्हणजे मनाची लहर. 'विञ्ञाण' हे प्रत्ययांवर अवलंबून असलेले जाणणे. 'विन्यान' म्हणजे आत्मा, भूत. 'मान' हे दहा संयोजनांपैकी एक, अर्हत झाल्याशिवाय न सुटणारे. आणि 'माना' हा थाई मुलांना शिकविला जाणारा चिकाटीचा सद्गुण आहे. 'जाति' म्हणजे जन्म. 'चाट' म्हणजे जन्मही आणि राष्ट्रही. ज्या शब्दाने आमच्या देशात माणसे तोडली त्याच शब्दाने तेथे माणसे जोडण्याचे काम चालते, हे कळल्यावर पाली अभ्यासकाने काही काळ गप्प बसणे बरे.

थाई लोकांनी पाली 'बिघडविली' असे एकेकाळी आम्हाला वाटे. आज वाटते की शब्द संसारात उतरले की असेच होते, आणि संसारात न उतरलेला धम्म केवळ ग्रंथालयात राहतो. थायलंडमधीलच भदंत बुद्धदास यांनी 'फासा खोन' आणि 'फासा थम', म्हणजे लोकांची भाषा आणि धम्माची भाषा, असा भेद करून दाखविला होता. एकाच शब्दाचे दोन अर्थ असतात आणि एकातून दुसऱ्यात जाता येते हे त्यांचे प्रतिपादन होते. फरंगाची चूक अशी की तो लोकांच्या भाषेतील 'माई पेन राई'मध्ये धम्म पाहतो, आणि 'कतन्यू'मध्ये असलेला धम्म त्याला हिशेब वाटतो. आमची चूक अशी की आम्ही 'कतन्यू'मध्ये फक्त धम्म पाहिला. ते पैसे पाठविणारी स्त्री पाहिली नाही.

७. उपसंहार

या ग्रंथांचा आमच्या वाचकाने कसा उपयोग करावा? लिओनोवेन्स यांच्यापासून दुसऱ्याला खाली ओढून वर चढण्याच्या मोहाचे भान घ्यावे. हॉलिंगर यांच्यापासून स्वतःवर हसणे शिकावे. क्लाउसनर यांच्यापासून एका ठिकाणी दीर्घकाळ बसण्याचे महत्त्व शिकावे. भिक्षूंची आत्मकथने वाचताना भात कोणी दिला हे शोधावे. आणि तक्रारखोर पतींची पुस्तके फेकून न देता, तक्रारीच्या मागे उभ्या असलेल्या स्त्रीचा विचार करावा. कारण त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी तिचे तोंड मिटलेलेच असते.

हा प्रश्न आपल्याला दूरचा नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर थेरवादी देशांकडे आपण थोरल्या भावाकडे पाहावे तसे पाहिले. ते स्वाभाविक होते. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य समजावून सांगणाऱ्या विचाराला जो नकार दिला त्याचे कारण स्पष्ट होते : अशा विचाराने समाज आपल्या जबाबदारीतून सुटतो. 'तुझे पुण्य कमी म्हणून तू खाली' हे वाक्य थाई भाषेत म्हटले तरी तेच राहते. एखाद्या परक्याने ते ऐकून लिहून ठेवले असेल तर तो परका आहे एवढ्याच कारणाने आपण ते नाकारू नये. तसेच त्या परक्याच्या लिखाणाच्या आधारे, आपण थाई लोकांहून शुद्ध बौद्ध आहोत असाही निष्कर्ष काढू नये. कारण हुंड्याची पत्रिका जुळविताना आपल्या घरांतूनही सिगालोवाद सुत्त कोणी उघडत नाही.

थाई भाषेने धम्मतेला थम्मदा केले, असामान्य शब्दाला रोजच्या वापरात आणले. हा शब्दाचा ऱ्हास की विजय, हे कोशावरून ठरणार नाही. पहाटे भात घेऊन बसलेल्या त्या शेतकरणीच्या मुलीला ऋण फेडण्याचा कोणता मार्ग मोकळा आहे, यावरून ते ठरेल. पुढील काळात या विषयावरील थाई स्त्रियांचे स्वतःचे लेखन मराठीत आले, तर वर चर्चिलेल्या ग्रंथांची गरज आपोआप कमी होईल.